१७ वर्षांखालची रग्बी टीम: फेस्टिव्हलला न्यावी का विभागाच्या स्पर्धेला?

डोंगरपट्टा (धागाकर्ता)

मंडळी, एक सल्ला पाहिजे. आमच्याकडं केज-धारूर साइडला आम्ही दोघं-तिघं मिळून पोरांना रग्बी शिकवायलो. हो, रग्बीच. हसून झालं असंल तर पुढं वाचा.

तीन शाळांची पोरं संध्याकाळी एका ग्राउंडवर जमतात, आठवी ते दहावीची. सात-सात जणांचा प्रकार खेळतो, सेव्हन्स म्हणतात तो, सात मिनिटांचे दोन हाफ अन् मधी दोन मिनिटं दम खायला. ग्राउंड म्हणजे काळी माती, उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात बुटाला ढेकळं, अन् बारा महिने सराटे. फक्की मारून लाइनी आखतो, पोस्ट बांबूचे हायत.

आता अडचण अशी की एकाच शनिवार-रविवारी दोन गोष्टी आल्यात. आमच्यातली एक शाळा शालेय स्पर्धेत जिल्ह्यातून जिंकून निघालीय, तिचा विभागाचा राउंड हाय. अन् त्याच दिवशी पुण्यात मुलांचं रग्बी फेस्टिव्हल हाय. तिथं क्लबची टीम चालते म्हणजे तिन्ही शाळांची पोरं एकत्र नेता येतात, पण तिथं फायनल नाही, कप नाही, दिवसभर छोट्या छोट्या म्याच, सगळ्यांनी खेळायचं अन् घरी यायचं.

विभागाला गेलं तर सर्टिफिकेट, दहावीचे क्रीडा गुण, पुढं नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, पालक सगळे तिकडंच बोट दाखवायलेत. फेस्टिव्हलला गेलं तर जे पोरगं सगळा सीझन बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतंय ते बी खेळतंय. त्यात दिवाळी झाली की माझी निम्मी टीम आईबापासंगं ऊसतोडीला जाणार, कोणी सांगलीकडं कोणी कर्नाटकात, ती पोरं परत दिसणार थेट उन्हाळ्यात. त्यांना जायच्या आधी एकदा तरी खऱ्या हिरव्या ग्राउंडवर खेळवावं असं माझं मन म्हणतंय. पैसे अन् माणसं एकाच ठिकाणापुरती हायत. काय करावं?

पाटलाचा_वाडा

रग्बी?? ती हेल्मेट घालून खेळतात ती ना? अहो धारूरच्या पोरांना कबड्डी खेळवा, खो-खो खेळवा. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोमध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२० ला. आपल्या मातीतला खेळ सोडून हे इंग्रजांचं खूळ कशाला. उगं पोरांचे हातपाय मोडाल.

पुण्यातला_परभणीकर

@पाटलाचा_वाडा हेल्मेटवालं ते अमेरिकन फुटबॉल काका, त्यात बॉल पुढं फेकता येतो. रग्बीत पास फक्त मागं किंवा आडवा द्यायचा, पुढं दिला की गेला. पुढं जायचं असेल तर पळा नाहीतर लाथ मारा. आणि हेल्मेट नाही, दातांचं माउथगार्ड तेवढं.

आणि इंग्रजांचं म्हणाल तर क्रिकेट काय पैठणला जन्मलं का? रग्बी भारतात १८७२ पासून आहे, कलकत्त्यात ख्रिसमसच्या दिवशी पहिली मॅच झाली. नंतर तिथला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा कप केला, नागाचे तीन दांडे आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्या कलकत्ता कपसाठीच खेळतात. आपल्या रुपयांचा कप आहे तो, सांगायचं एवढंच.

धागाकर्ते, मी कॉलेजला असताना पुण्यात खेळलोय. माझं मत सरळ फेस्टिव्हल. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कॉलवर आहे.

गोदाकाठ

अरे वा, मराठवाड्यात आणखी कुणीतरी आहे म्हणायचं! मी नांदेड साइडला मुलींना शिकवते. दादा तुमच्याकडं पोरं कुठल्या खेळातून येतात? माझ्याकडं निम्म्या खो-खोच्या आहेत, पळायला वाऱ्यासारख्या, हुलकावणी तर अशी देतात की समोरची आडवीच होते, पण बॉल हातात टिकत नाही. खो-खोत हाताला काही धरायची सवयच नसते ना. आणि एक गंमत बघा, खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की वळता येत नाही, ती सवय इथं पण येते, बॉल घेतला की सरळ लाइनीत पळत सुटतात, आत कट मारा म्हणून ओरडून घसा बसतो.

तुमच्या प्रश्नावर: मुलींच्या बाबतीत तरी मी फेस्टिव्हलच म्हणेन. का ते सांगते पण आधी बाकीच्यांचं येऊ दे.

डोंगरपट्टा

@गोदाकाठ ताई लई बरं वाटलं. आमच्याकडं कबड्डीची जास्त. टॅकल शिकवायची गरजच पडली नाही, मांडीची पकड, घोट्याची पकड जन्मापासून येते. पण गोची दुसरीच झाली. कबड्डीत धरलं की शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नसतंय. रग्बीत माणूस खाली पाडला की लगेच सोडायचा अन् बाजूला लोळायचं, नाही सोडला की पेनल्टी. आमची पोरं मेली तरी सोडत नाहीत. पहिल्या म्याचला तर रेफरीचा हात सारखा समोरच्या टीमकडंच. अन् कबड्डीतली ती खांद्यानं धडक देऊन बाहेर काढायची सवय, ती तर इथं चालतच नाही, दोन्ही हातांनी कवळ घालायलाच पाहिजे अन् ती बी खांद्याच्या खाली. तालमीतलं एक पोरगं हाय ते मात्र स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे खांदे भिडवून रेटतात त्यात, असं बसतंय की तिघं मिळून हलवू शकत नाहीत.

@पाटलाचा_वाडा काका कबड्डी बंद नाही केली, तीच पोरं दोन्ही खेळायलीत.

खेळगडी_लातूर

मी शाळेत पीटीचा मास्तर आहे, त्यामुळे जरा कोरडं बोलतो, राग मानू नका.

विभाग सोडू नका. एक तर शाळा जिल्ह्यातून निघाली आणि विभागाला आली नाही की पुढच्या वर्षी ऑफिसात नाव घेतलं की तोंड वाकडं करतात. दुसरं, मुख्याध्यापकांना दाखवायला काहीतरी कागद लागतो, कागद नसला की पुढच्या वर्षी ग्राउंडसुद्धा मिळणार नाही.

पण ५ टक्क्यांचं जे तुम्ही लिहिलंय त्याबद्दल पालकांना स्पष्ट सांगा. विभागाच्या सर्टिफिकेटवर नोकरीतलं आरक्षण मिळत नाही. त्याला किमान राज्य पातळीवरचं प्रावीण्य लागतं, नुसता सहभाग नाही, आणि नंतर क्रीडा खात्याकडून सर्टिफिकेटची पडताळणी होते. बोगस सर्टिफिकेटची भानगड झाल्यापासून तर एक-एक कागद उलटापालटा करून बघतात. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचा मात्र फायदा होतो, तो पातळीप्रमाणं कमी-जास्त. पोराला पाच-दहा गुण मिळाले तर कुणाला नको आहेत?

आणि मला एक कळलं नाही, शाळेची टीम आहे ना, मग ती शाळेचे सर नेतील. तुम्ही दोन्हीकडं कशाला अडकताय?

डोंगरपट्टा

@खेळगडी_लातूर सर तुमचं बरोबर हाय पण त्या शाळेच्या सरांकडं त्याच आठवड्यात खो-खोची बी टीम हाय अन् रग्बीचा बॉल त्यांनी पहिल्यांदा आमच्याच ग्राउंडवर बघितला. माणूस चांगलाय, न्यायला तयार बी हाय, पण बदली कधी करायची, पिवळं कार्ड मिळालं की दोन मिनिटं सहा जणांत कसं निभवायचं, हे कोण सांगणार.

अन् खरी गाठ दुसरीकडंच हाय. त्या शाळेच्या १२ जणांच्या यादीत दोन पोरं अशी हायत की ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयत्यावर जाणार. माझी तीच दोन पोरं सगळ्यात भारी. त्यांना मी फेस्टिव्हलला न्यायचं म्हणतोय कारण त्यांच्या दोस्तांसंगं, म्हणजे बाकीच्या दोन शाळांच्या पोरांसंगं, त्यांनी वर्षभर प्रॅक्टिस केली. शाळेच्या टीममध्ये बाकीचे दहा जण नुसते यादी भरायला घेतलेत, त्यातल्या चौघांना ऑफसाइड, म्हणजे बॉलच्या पुढं राहून खेळात पडायचं नसतंय हे, कळत नाही.

पुण्यातला_परभणीकर

हां, रात्री लिहितो म्हणालो होतो.

फेस्टिव्हल का, तर हे बघा. नॉकआउट स्पर्धेत तुम्ही रात्रभर एसटीनं जाता, सकाळी पहिली मॅच, समोर एखादी मुरलेली शाळा येते, चौदा मिनिटांत चाळीस पॉइंट खाता आणि परतीची गाडी. चौदा मिनिटं खेळायला आख्खे दोन दिवस. त्यात सर हरायच्या भीतीनं बदली खेळाडू उतरवतच नाहीत. सेव्हन्सच्या मोठ्या स्पर्धांत यावर उपाय म्हणून कप, प्लेट, बाउल असे प्रकार असतात, सकाळी हरलेल्या टीम दुपारी आपापसात प्लेटसाठी खेळतात, म्हणजे घरी कुणीच लवकर जात नाही. आपल्या शालेय स्पर्धेत एवढा वेळ पण नसतो आणि ग्राउंड पण नसतं.

फेस्टिव्हलला दिवसभरात चार-पाच मॅच मिळतात, वेगवेगळ्या टीमशी. पहिल्या मॅचला काय चुकलं ते तिसऱ्या मॅचला सुधारता येतं. नव्या पोराला ते फार लागतं. तुमच्या पोरांचं ते न सोडायचं प्रकरण, ते प्रॅक्टिसमध्ये शंभरदा सांगून जाणार नाही, तीन वेगवेगळ्या रेफरींनी तीन मॅचमध्ये पेनल्टी दिली की चौथ्या मॅचला हात आपोआप सुटतो.

आणि मॅच झाली की दोन्ही टीम समोरासमोर रांगा करून एकमेकांना टाळ्या वाजवत मधून जाऊ देतात, मग एकत्र जेवण. रेफरीला सर म्हणायचं, फक्त कॅप्टननं बोलायचं. आमच्या वेळी एक जण कबड्डीसारखा रेफरीच्या अंगावर गेला तर आमच्याच कोचनं त्याला बाहेर बसवला होता.

@डोंगरपट्टा बॉल कुठल्या साइजचा वापरता? चौदाच्या पुढं ५ नंबर, त्याखाली ४ नंबर घ्या.

हाडवैद्य

विषयाला फाटा फोडतोय पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी हाडांचा डॉक्टर आहे, संभाजीनगरला. कबड्डीतले गुडघे रोज बघतो त्यामुळे पाटील काकांची हातपाय मोडायची भीती एकट्या रग्बीला लावू नका. रग्बीत मला काळजी वाटते ती डोक्याची.

डोक्याला किंवा मानेला धक्का बसला आणि पोरगं जरा जरी गोंधळलेलं वाटलं, चक्कर, मळमळ, नजर भिरभिरतेय, स्कोर विचारला तर सांगता येत नाही, तर ताबडतोब बाहेर. त्या दिवशी परत उतरवायचं नाही, ते कितीही म्हणालं की मी ठीक आहे. टीव्हीवर मोठ्या मॅचमध्ये तपासून परत पाठवतात ते आपल्याकडं चालत नाही, तिथं त्यासाठी शिकलेले डॉक्टर आणि व्हिडिओ असतो. मुलांच्या बाबतीत पुढचे काही आठवडे टप्प्याटप्प्यानं, डॉक्टरला दाखवूनच परत सुरू करायचं. बेशुद्ध पडलं किंवा मान दुखतेय म्हणालं तर चार जणांनी उचलून सावलीत नेऊ नका!! जागेवर ठेवा, मान हलू देऊ नका, गाडी बोलवा. आपल्याकडं उचलून नेण्याचा उत्साह दांडगा असतो.

फेस्टिव्हल का स्पर्धा मला माहीत नाही. जिथं ग्राउंडवर डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स आहे तिथं न्या. हे दोन्हीकडं आधी फोन करून विचारा.

डोंगरपट्टा

@हाडवैद्य डॉक्टरसाहेब हे प्रिंट काढून किटबॅगेत ठेवतो. वर्ल्ड रग्बीचा ऑनलाइन कोर्स हाय फुकट, त्यात बी हेच सांगितलंय, पण मराठीत कोणी एवढं सरळ सांगितलं नव्हतं. फोन करून विचारतो.

@पुण्यातला_परभणीकर ५ नंबरचे दोनच बॉल, त्यातल्या एकाला सराट्यानं पंक्चर करून ठेवलंय. बारक्यांना टॅकल न करता टॅग खेळवतो, कंबरेला दोन पट्ट्या खोचायच्या अन् पट्टी ओढली की टॅकल झाला. पट्ट्या जुन्या साडीच्या काठाच्या. एका आज्जीनं ओळखली तिची साडी, मग अख्खा सामना बसून बघितला.

ऊसाचं_पोरगं

बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहावं वाटलं.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. मी स्वतः पाचवीपासून फडावर गेलेलो आहे. आता नोकरीला आहे. धागाकर्ते दादा, तुमच्या मनातलं प्रेम कळलं, जायच्या आधी पोरांना हिरवं ग्राउंड दाखवायचं. पण जरा त्या दोन पोरांच्या बापाला विचारलं का?

नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगं चौदा-पंधराचं झालं की मुकादम त्याला अर्धा कोयता धरून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो. म्हणजे दिवाळीनंतर ते पोरगं आईबापासोबत फिरायला जात नाही, ते कामाला जातंय. त्याच्या घरात सर्टिफिकेटला जेवढी किंमत आहे तेवढी तुमच्या बाकीच्या कुठल्याच पोराच्या घरात नसेल. मी कबड्डी खेळायचो. मला जिल्ह्याच्या टीममध्ये घेतलं तेव्हा माझ्या बापानं त्या वर्षी मला नेलं नाही, हंगामी वसतिगृहात ठेवलं. का? तर पोरगं कायतरी करतंय याचा कागद त्यानं बघितला. खेळ बघून नाही ठेवलं, त्याला तो कधी कळलाच नाही.

फेस्टिव्हल चांगलंच असेल, पण त्या दोघांच्या वाट्याचा निर्णय तुम्ही हिरव्या गवताकडं बघून करू नका.

गोदाकाठ

@ऊसाचं_पोरगं वाचून थांबले जरा.

तरी मी माझं मत मांडते कारण मुलींचं गणित वेगळं आहे. माझ्याकडं कागदाच्या आधीचा प्रश्न असतो, बाहेरगावी पाठवायचीच का. शॉर्ट घालणार का, रात्री कुठं राहणार, सोबत बाई कोण. शॉर्टवर लेगिंग घालून खेळतो, विषय संपला. पण पहिल्यांदा पाठवताना बारा मुलींतल्या पाचच खेळल्या आणि सात बसून आल्या तर त्या सात जणींच्या आया दुसऱ्यांदा पाठवत नाहीत, बसायलाच जायचं तर घरी बस म्हणतात. फेस्टिव्हलला सगळ्या खेळतात, सगळ्यांचे फोटो येतात मॅच खेळतानाचे. त्या फोटोंवर माझा पुढचा सीझन चालतो.

बिहारचं उदाहरण मी पालकांना नेहमी देते. बाढ म्हणून गाव आहे पाटण्याजवळ, तिथली स्वीटी कुमारी, आधी पळायची, मग रग्बीत आली आणि भारताकडून खेळली. ओडिशाची सुमित्रा नायक, तिनं २०१९ ला मनीलात सिंगापूरविरुद्ध पेनल्टी मारली आणि भारताच्या मुलींनी पंधरा जणांच्या रग्बीतली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच जिंकली, २१-१९. या पोरी काही मुंबईच्या जिमखान्यातल्या नाहीत.

पाटलाचा_वाडा

बरं मग मला सांगा हे टीव्हीवर लागतं का कुठं? बघितल्याशिवाय काय बोलणार.

पुण्यातला_परभणीकर

लागतं की काका. २०२५ च्या जूनमध्ये रग्बी प्रीमियर लीग झाली, मुंबईत अंधेरीला, सहा टीम, चेन्नईनं जिंकली. यूट्यूबवर तुकडे मिळतील. आणि ऑलिंपिकला सेव्हन्स २०१६ पासून आहे. पुरुषांची पहिली दोन्ही सुवर्णपदकं फिजीनं नेली, फिजीची लोकसंख्या आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या निम्मी असेल नसेल. पुरुषांची पॅरिसची फायनल शोधा, फ्रान्सनं फिजीला हरवलं ती. आपला राहुल बोस नट माहितीय ना, तो भारताकडून रग्बी खेळलेला आहे आणि आता रग्बी इंडियाचा अध्यक्ष आहे.

पाटलाचा_वाडा

पॅरिसची बघितली. ते फ्रान्सचं बुटकं पोरगं लई चपळ हाय, हाफ झाल्यावर आलं अन् खेळच फिरवला. नातवाला दाखवली. पण कबड्डी ती कबड्डीच.

खेळगडी_लातूर

काका लायनीवर आले 😀

@डोंगरपट्टा एक व्यवहाराची गोष्ट. विभागाला जाताना प्रत्येकाचं बोनाफाइड, आधार, जन्माची नोंद, फोटो लावलेला ओळखपत्राचा फॉर्म, सगळं शिक्क्यासहित. जन्मतारखेत एक आकडा इकडं-तिकडं असला तरी पोरगं बाहेर बसवतात, आणि ऊसतोडीच्या पोरांचे दाखले दोन-तीन शाळांतून फिरून आलेले असतात, त्यामुळे तिथंच घोळ असतो. आधी बघून घ्या. बाकी मी माझं मत बदललेलं नाही, विभाग.

डोंगरपट्टा

मंडळी दोन दिवस गायब होतो. दोन्ही घरी जाऊन आलो.

एकाच्या बापानं मला पुरतं बोलूच दिलं नाही. म्हणला, सर ज्याच्यावर सरकारचा शिक्का हाय तिकडं न्या. दुसऱ्याच्या आईनं विचारलं पुण्याला गेल्यावर जेवायला काय असतंय, अन् मग पोराकडं बघून म्हणली त्यालाच विचारा. पोरगं म्हणलं दोस्तांसंगं जायचंय. मग बाप आत आला अन् पोरगं म्हणलं विभागाला जायचंय.

तर असं ठरलंय की ते दोघं विभागाला, शाळेच्या सरांसंगं, अन् आमच्यातला एक जण जो रेफरीचा कोर्स करून आलाय तो त्यांच्यासंगं जाणार. मी उरलेल्या दोन शाळांची पोरं घेऊन पुण्याला. पैशाचं काय तर पुण्याला ट्रॅव्हल्स रद्द, लालपरीनं जायचं, मुक्काम एका माजी विद्यार्थ्याच्या वडलांच्या मंगल कार्यालयात. भारी पोरं नसलेली टीम घेऊन चाललोय हे माहीत हाय.

हंगामी वसतिगृहाचं बी विचारून आलो. त्या दोघांतल्या तालमीतल्या पोराचं होईल असं वाटतंय, दुसऱ्याचं बापानं अजून हो म्हणलं नाही. उचल घेतलीय आधीच.

ऊसाचं_पोरगं

दादा घरी गेलात हेच लई झालं. दुसऱ्याच्या बापाशी मी बोलू का? मुकादमाचं गाव कोणतं ते मेसेजमध्ये सांगा.

पुण्यातला_परभणीकर

पुण्यात मी येतो ग्राउंडवर. एक ५ नंबरचा बॉल आणि पंपाची सुई माझ्याकडून. पोरांना एक सांगून ठेवा, हिरव्या गवतावर बॉल तुमच्या मातीसारखा उसळत नाही. सेव्हन्समध्ये ट्रायनंतरची, म्हणजे समोरच्यांच्या लाइनीपलीकडं बॉल टेकवून पॉइंट केल्यानंतरची, किक ड्रॉपकिकच मारायची असते, बॉल जमिनीवर टाकून उसळताना मारायचा, दवानं ओलं गवत असलं की तो उठतच नाही. सकाळी अर्धा तास आधी या, नुसत्या ड्रॉपकिक मारून घ्या. आणि सेव्हन्समध्ये ज्यानं पॉइंट केले तोच परत किक मारून खेळ सुरू करतो, जिल्ह्याच्या मॅचला हे उलटं करताना मी बघितलंय म्हणून सांगतोय.

गोदाकाठ

फोटो टाका बरं का. बसलेल्यांचे नको, खेळतानाचे.

डोंगरपट्टा

आलो मंडळी. सविस्तर लिहितो, प्रवासात अंग आंबलंय तरी.

पुणे: पहिल्या दोन म्याच मार खाल्ला, असा की मोजणं सोडून दिलं. पुण्याच्या पोरांचे पास बघून आमची पोरं खेळायची थांबून बघतच राहिली, एक जण तर समोरच्याला वा म्हणला. तिसऱ्या म्याचला मुंबईची एक टीम होती, तिच्यासंगं बरोबरीत सुटलो, दोन-दोन ट्राय, दोघांच्या बी किक हुकल्या म्हणून १०-१०. परभणीकर भाऊ तुमचं खरं निघालं, दुपारपर्यंत पोरं पाडल्यावर सोडायला लागली. चौथ्या म्याचला बाटल्या सांभाळणाऱ्या पोरानं ट्राय केला. लाइनच्या पुढं जाऊन बॉल टेकवायचाच विसरला होता, पळतच राहिला, सगळे ओरडले टेकव टेकव, मग मागच्या रेषेच्या आत कसाबसा टेकवला. डॉक्टर अन् ॲम्ब्युलन्स दोन्ही होतं. एकाच्या नाकाला लागलं, तिथल्या डॉक्टरनं परत उतरू दिलं नाही, मी बी गप राहिलो.

जेवायला दुसऱ्या टीमसंगं एकत्र बसवतात ना, तिथं आमच्या पोरांनी घरून आणलेल्या धपाट्यांचा डबा उघडला अन् समोरच्या पोरांनी तो संपवला. आमच्या पोरांना त्यांचा पास्ता काही गेला नाही.

विभाग: पहिली म्याच जिंकली, दुसरी हरली. त्या दोघांनी मिळून सगळे ट्राय केले पण बाकीचे गडी ऑफसाइडमध्ये सापडत राहिले. म्हणजे राज्याला नाही गेले. सर्टिफिकेट मिळालं. ज्या पोराला दोस्तांसंगं यायचं होतं ते माझ्याशी नीट बोलंना. फेस्टिव्हलचे फोटो ग्रुपवर पडल्यावर त्यानं ग्रुप सोडला होता, परवा परत आलंय.

तालमीतल्या पोराचं वसतिगृहाचं झालं. दुसरं पोरगं जाणार हाय.

खेळगडी_लातूर

एक मॅच जिंकून विभागात पुढं गेले म्हणजे चांगलंच. लगेच शाळेकडून गुणांच्या प्रस्तावाचं विचारून ठेवा, दहावीत असतील तर. शेवटच्या आठवड्यात पळापळ करू नका. आणि पुढच्या वर्षी तिन्ही शाळांत वेगवेगळ्या टीम करा, एकाच शाळेवर भार नको. मग त्यांच्या आपसातच मॅच होतील.

ऊसाचं_पोरगं

बोललो त्याच्या वडलांशी. या वर्षी जमत नाही म्हणाले, उचल फिटत नाही. पण पोराला फडावर बॉल न्यायचा म्हणतोय, तो पंक्चर झालेला असला तरी चालेल म्हणतोय.

डोंगरपट्टा

पंक्चर काढून दिलाय त्याला.

हाडवैद्य

माउथगार्ड सगळ्यांकडं होते का? नसतील तर गरम पाण्यात टाकून दातांवर बसवायचे मिळतात, बारा-पंधरा पाठवू शकतो.

गोदाकाठ

फोटो बघितले. त्या ट्रायचा व्हिडिओ माझ्या मुलींनी फार वेळा बघितला.

मी काय म्हणते, पुण्यालाच कशाला जायचं दरवेळी. आपलं आपण एक करू या ना, छोटं. परभणी दोघांनाही बरं पडतं, मी देवगिरीनं मुली आणते, तुम्ही एसटीनं या. कप नाही, फायनल नाही, सकाळी बारक्यांचं टॅग, दुपारी मोठ्यांचं. आणि दसऱ्याच्या आधी ठेवू, कोयते हलायच्या आधी. लातूरचे सर तुम्ही एक शाळा आणा, सहभागाचा कागद आपण शाळेच्या शिक्क्यानं देऊ, त्याला गुण मिळणार नाहीत हे पालकांना आधीच सांगायचं.

खेळगडी_लातूर

शाळेच्या शिक्क्याचं मी बघतो. ग्राउंड कुणाचं?

पुण्यातला_परभणीकर

माझ्या जुन्या शाळेचं विचारतो. गवत नाही, सराटे आहेत, आदल्या दिवशी पोती ओढून काढावे लागतील.

पाटलाचा_वाडा

परभणीला आमचे व्याही असतात. पोती अन् माणसं मी देतो. पण सकाळी आधी कबड्डीची एक म्याच ठेवा.

डोंगरपट्टा

ठेवू काका. @गोदाकाठ ताई तारखेचं ग्रुपवर बोलू, मी सगळ्यांना ॲड करायलो. फक्की मी आणतो.